फळ्यावरचा पासवर्ड

जयसिंगपूरच्या कॉलेजातले तास उरकून क्रांती कसबा बावड्यातल्या आपल्या गल्लीत शिरली, तेव्हा विहाराच्या अभ्यासिकेबाहेरच्या फळ्यापुढं शेजारची चिमणाबाई फोन धरून उभी होती. फळ्यावरचं एकेक अक्षर मोठ्यानं वाचून ती फोनवर उमटवत होती. क्रांतीला आधी बरंच वाटलं. त्या फळ्यावर रोज सुविचार लिहायचं काम तिच्या वडिलांचं, म्हणजे कृष्णात आप्पांचं. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी त्यात खंड पडू दिला नव्हता. पण तो सुविचार थांबून वाचणारं माणूस कसबा बावड्यानं अजून पाहिलेलं नव्हतं. आज कुणीतरी वाचतंय म्हणून क्रांतीनंही मान वळवली. सुविचाराच्या जागी तिचं युजरनेम होतं आणि त्याखाली लाल खडूनं, भोवती वेलबुट्टी काढून, तिचा पासवर्ड.

"बरं झालं आलीस," चिमणाबाई म्हणाली. "ह्यो शेवटचा पाच हाय का सहा? तुझ्या आप्पाचा आकडा कळंल तर शप्पत."

क्रांतीनं ओढणीनंच फळा पुसला.

"अगं, माझं एक अक्षर ऱ्हायलंय की!"

आता हा पासवर्ड कशाचा, ते सांगायला हवं. क्रांती तासिका तत्त्वावर शिकवायची आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करायची. विद्यापीठानं तिला ऑनलाइन ग्रंथालयाचं लॉगिन दिलं होतं. त्यातून जगभरातली संशोधनाची मासिकं घरबसल्या उघडत. बाहेरच्या माणसानं त्यातला एक लेख विकत घ्यायचा म्हटला तर घरातला किराणा बंद करावा लागेल. पण विद्यापीठातल्या अध्यापकांना आणि संशोधक विद्यार्थ्यांना सगळं मोफत. अट एकच, ज्याचं लॉगिन त्यानंच वापरायचं.

आणि ते आप्पांच्या हाती गेलं कसं? तर चिमणाबाईच्या म्हशीमुळं. तिला दगडी झाली, कास सुजली, दूध आटलं. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले, तरी आप्पांना चैन पडेना. क्रांती शेवटचं प्रकरण लिहीत बसली होती, तिच्या मागं येऊन ते उभे राहिले. "तुझ्या त्या जगाच्या वाचनालयात म्हशीचं काय असतंय का?" एकदा विचारलं, दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा क्रांतीनं त्यांचा फोन घेतला, त्यात लॉगिन भरून दिलं, परत लागला तर म्हणून पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला आणि म्हणाली, "घ्या, बसा बघत." तिच्या हिशेबानं ते एका माणसापुरतं आणि एका म्हशीपुरतं होतं. म्हैस बरी झाली. गुण इंजेक्शनाचा होता, पण नाव लेखाचं झालं. मग काय, गल्लीत ज्याला जे दुखत होतं तो आप्पांकडं येऊ लागला, आणि रोज प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा आप्पांनी सरळ फळा गाठला.

घरी आल्या आल्या क्रांतीनं पिशवी आपटली.

"आप्पा, पासवर्ड म्हंजे गुपित असतंय."

"गुपित कशाला? चोरीचा माल हाय का त्यो?"

"न्हाय. पण माझ्या एकटीच्या नावावर हाय."

"आपला नळ बी माझ्या एकट्याच्या नावावर हाय. समोरच्यांचं पाणी गेलं की कुठनं भरत्यात? आनि पाणी तरी भरल्यावर कमी व्हतंय. वाचून लेख कमी झाला का?"

"विद्यापीठाचा नियम हाय ओ."

आप्पा उठले आणि कपाटावरून तिच्या प्रबंधाचा गठ्ठा खाली घेतला. प्रबंधाचं नाव होतं 'कोल्हापूर जिल्ह्यातील सार्वजनिक वाचनालये आणि वंचित वाचक'. चष्मा लावून त्यांनी तिसरं प्रकरण काढलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "'ज्ञानाच्या दारावर पहारा बसवणारी कोणतीही व्यवस्था अंतिमतः अन्यायकारकच ठरते.' ह्ये कुणी लिवलंय?"

"ते प्रबंधात हाय, आप्पा."

"मग? प्रबंधात दार उघडायचं आनि घरात कडी लावायची?"

क्रांतीची आई तानूबाई भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बोल आता."

पण पासवर्ड बदलायला उत्तर लागत नाही. जेवण झाल्यावर बदलू म्हणून क्रांतीनं ठरवलं आणि त्याआधी, फोनमधून लॉगिन काढून टाका असं सगळ्यांना सांगायला ती अभ्यासिकेकडं गेली. तिथं चटईवर गल्लीतल्या आठ-दहा बायका बसल्या होत्या. मध्ये चिमणाबाई. लेख इंग्रजीत असायचा, फोन त्याचं मराठी करून द्यायचा आणि त्या मराठीचं मराठी चिमणाबाई करायची.

"'सदर प्राण्याचे दोहन तणावमुक्त वातावरणात करण्यात यावे,'" तिनं वाचलं. "म्हंजे धार काढताना नवऱ्यावर वरडू नगंसा."

"आनि गुडघ्याचं काय म्हनतंय?" तानूबाईनं विचारलं. भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन ती क्रांतीच्या मागोमाग येऊन बसली होती.

"नॉर्वे म्हणून गाव हाय कुठं तर. तितल्या बायकांनी जिन्यावर चढउतार केली, त्याचं लिवलंय."

"तितल्या बायकांचं बी दुखत्यात व्हय गुडघं?" तानूबाई म्हणाली, आणि इतक्या वर्षांत डॉक्टरच्या कुठल्या गोळीनं आलं नव्हतं असं समाधान तिच्या तोंडावर आलं.

क्रांती दारातच थांबली. पाच वर्षं ती वंचित वाचक शोधत जिल्हाभर हिंडली होती. गगनबावड्याच्या धो धो पावसात बंद वाचनालयाच्या पायरीवर बसून तिनं मुलाखती घेतल्या होत्या. आणि तो वाचक इथं, घरापासून चार उंबरे सोडून, मांडी घालून बसला होता. तिला भरून आलं. अशा वेळी माणसानं निर्णय घेऊ नये, पण तिनं घेतला. ती म्हणाली, "जपून वापरा. आनि ह्या महिन्याच्या शेवटी माझा प्रबंध जमा झाला की हे लॉगिन बंद व्हतंय, तेवढं ध्यानात ठेवा."

शहाण्या माणसानं सांगू नये ते नेमकं तिनं सांगितलं. बंद होणार म्हटल्यावर काय करायचं, हे बावड्याला कुणी शिकवावं लागत नाही. पावसाळा तोंडावर आला की इथं शेणी, म्हणजे गोवऱ्या, रचल्या जातात, मिरच्या वाळतात, तांदळाचे डबे भरतात. त्याला बेगमी म्हणतात, आणि बेगमी सगळ्यांनी मिळून करायची असते.

रविवारी सकाळी वंदना झाल्यावर आप्पांनी कामं वाटून दिली. "चिमणाबाई, तुमच्याकडं म्हशी. तानू, तू हाडं आनि गुडघं. शालूबाई, तुमच्याकडं ऊस, हुमणीच्या किडीसकट. वाचत बसू नगंसा. वाचायला पुढं पावसाळा हाय. आज नुसतं फोनात भरायचं." ज्यांच्या फोनमध्ये जागा नव्हती त्यांनी नातवंडांचे वाढदिवस पुसून जागा केली. कुणीतरी चहा केला. एक लॉगिन, एक गल्ली आणि सगळ्यांची बोटं एकाच वेळी. क्रांती त्या वेळी घरात संदर्भसूची तपासत होती. विहारातून एवढा गलका का येतोय म्हणून तिनं आईला हाक मारली, तर आई घरात नव्हती.

दुपारनंतर तिचंही लॉगिन उघडेना. तिनं रीतसर ग्रंथालयाला तक्रार पाठवली.

सोमवारी सकाळी तिच्या मार्गदर्शक निशिगंधा मॅडमांचा फोन आला.

"क्रांती, काल काय केलंस तू?"

"संदर्भ तपासत होते, मॅडम."

"किती संदर्भ? अगं, ती मासिकं पुरवणारी परदेशातली कंपनी म्हणते की तुझ्या नावानं त्यांच्या गोदामावर दरोडा पडलाय. त्यांनी अख्ख्या विद्यापीठाचं दार लावून घेतलंय. सगळ्या विभागांना नोटीस गेलीय. गुरुवारी समिती बसणार आणि विजयसिंह सर अध्यक्ष आहेत."

शनिवार ही प्रबंध जमा करायची शेवटची तारीख होती. मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती, दुसरी मिळत नाही. समितीनं शनिवारपर्यंत थांबवून ठेवलं तरी नोंदणी रद्द, पाच वर्षं पाण्यात. कायमच्या नोकरीचं नाव काढायला नको आणि जन्मभर जयसिंगपूरची एस. टी. पकडायची.

"एकच वाट आहे," निशिगंधा मॅडम म्हणाल्या. "पासवर्ड चोरीला गेला म्हणून लिहून दे. अज्ञात इसमांनी चोरला. समिती तुला ताकीद देईल आणि सोडून देईल. मी बोलते सरांशी."

क्रांतीनं तसा अर्ज लिहिला. सही करायची तेवढी राहिली. तो टेबलावर ठेवून ती पाणी प्यायला गेली आणि परत आली तर आप्पा वाचत होते.

"अज्ञात इसम म्हंजे मी व्हय?"

क्रांतीनं अर्ज घ्यायला हात पुढं केला.

"मग अज्ञात कशाला? बावड्यात मला सगळी वळकत्यात. नाव घाल की माझं सरळ." त्यांनी कागद सारखा करून परत ठेवला. "घाल खरंच. तुझं काम व्हायला पायजे. मी रागावलो न्हाय. पण वाचलं म्हणून कुणी चोर म्हनंल, असं कवा वाटलं न्हवतं बग."

ते बाहेर जाऊन ओट्यावर बसले. त्या दिवशी फळ्यावर सुविचार नव्हता, दुसऱ्या दिवशीही नव्हता. चिमणाबाई येऊन दारातनंच म्हणाली, "आमच्यामुळं पोरीचं बुडतंय व्हय? आमी सगळं पुसून टाकतो की. म्हशीचं तेवढं एक ठेवू का?" क्रांतीला आप्पांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा. अर्ज तिनं पर्समध्ये टाकला, पण सही काही होईना.

गुरुवारी आप्पा पांढरा शर्ट घालून तिच्याबरोबर निघाले. "मी बाहेरच बसतो," म्हणाले. विद्यापीठाच्या त्या इमारतीत ते पहिल्यांदाच येत होते. व्हरांड्यातल्या बाकावर अगदी कडेला, उठायला सोपं जावं असे बसले.

आत लांब टेबलाच्या टोकाला विजयसिंह सर होते. बाजूला चार-पाच प्राध्यापक, निशिगंधा मॅडम, आणि भिंतीकडेला संगणक उघडून बसलेले ग्रंथपाल प्रसेनजीत सर. विजयसिंह सरांचा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा; खोली लहान असली तरी त्यांनी तो कमी केला नाही.

"विद्यापीठातलं संशोधन रविवारपासून ठप्प आहे! याला जबाबदार कोण? तुमचा पासवर्ड चोरीला गेला होता काय?"

निशिगंधा मॅडमांनी डोळ्यांनी खूण केली. क्रांतीनं पर्सवर हात ठेवला, आणि का कोण जाणे, दारातून दिसणारा पांढरा शर्ट तिच्या नजरेला पडला.

"नाही सर," ती म्हणाली. "घरातच होता."

निशिगंधा मॅडमांनी कपाळाला हात लावला.

"घरात? म्हणजे हे सगळं तुम्ही वाचलंत? तुमचा विषय काय?"

"सार्वजनिक वाचनालये आणि वंचित वाचक."

"मग म्हशींच्या कासदाहाचे एवढे लेख कशाला?"

"ते चिमणाबाईंचे."

"गुडघेदुखी?"

"आईचे."

"उसावरची हुमणी?"

"शालूबाई. समोरच राहतात."

"आणि घोरणं?" सरांनी चष्मा वर केला. "घोरण्यावर अख्खा ढीग आहे इथं."

हा विषय क्रांतीलाही नवीन होता.

"त्यो माझा, साहेब," दारातून आवाज आला. आप्पा उठून आत आले होते. "तानू म्हनती, लई घोरतो. म्हणून बघितलं. पोरीनं मला एकट्याला दिलता पासवर्ड. मी त्यो फळ्यावर लिवला. दंड काय असंल त्यो मला करा. तिचं प्रबंधाचं अडवू नगा. पाच वर्सं घासलीया तिनं."

"फळ्यावर लिहिला?" विजयसिंह सर खुर्चीत मागं रेलले.

"सुविचाराच्या जागी."

एक प्राध्यापक खोकले. त्यांना हसू आलं होतं, पण सरांच्या तोंडाकडे पाहून त्यांनी खोकणं पसंत केलं.

"हसण्यावारी नेऊ नका!" सर कडाडले. "शेकडो अध्यापकांचा हक्क बुडालाय. प्रसेनजीत, रविवारपासून किती तक्रारी आल्या, सांगा या गृहस्थांना. ऐकू दे त्यांना."

प्रसेनजीत सरांनी संगणकाकडं पाहिलं, मग छताकडं पाहिलं. "एक, सर."

"एक विभाग?"

"एक तक्रार. यांचीच. क्रांती मॅडमची, रविवारी दुपारची."

"नोटीस सगळ्यांना गेली होती ना?"

"गेली होती सर. नोटीस आल्यावर दोघातिघांनी फोन केला. आपल्याकडं असं काही असतं काय, म्हणून विचारत होते."

प्रसेनजीत सर तसे बुजरे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण आता सुरुवात झालीच होती. ते म्हणाले, "सर, याच बैठकीत पुढचा विषय आहे तो या मासिकांच्या वर्गणीचाच. वापर नाही म्हणून यंदा अनुदान बंद करायचं पत्र आलंय. तीन वर्षं मी प्रत्येक विभागात जाऊन सांगतोय, वापरा म्हणून. या महिन्यात पहिल्यांदाच वापराचा आकडा निकषाच्या वर गेलाय."

"आणि बावडा वगळला तर?"

"बावडा वगळला तर निशिगंधा मॅडमांचे थोडे आहेत."

"आणि माझे?"

"सर, तुमचं लॉगिन अजून लिफाफ्यातच आहे. माझ्या ड्रॉवरमध्ये. तुम्ही येऊन सही केली की देणार होतो."

एवढ्या वेळानंतर पहिल्यांदाच विजयसिंह सरांचा आवाज खोलीच्या मापाचा झाला. "अच्छा," ते म्हणाले.

मघाशी खोकलेले प्राध्यापक आता पुढं सरसावले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. हा वापर गैर ठरवला तर तो वगळावा लागणार. वगळला की आकडा पडणार, आकडा पडला की अनुदान जाणार, आणि अनुदान गेलं की उद्या कुणी विचारलं, विद्यापीठात संशोधन कसं चालतं, तर दाखवायचं काय? म्हणजे एकतर क्रांतीला सोडायचं, नाहीतर ग्रंथालय सोडायचं. यावर फार चर्चा झाली नाही. विद्यापीठं मोठी झाली ती अशाच प्रसंगी शब्द सापडल्यामुळं. इतिवृत्तात लिहिलं गेलं की 'समाजाभिमुख वाचन उपक्रम, कसबा बावडा' या विद्यापीठाच्या अभिनव योजनेचा पहिला टप्पा यशस्वीपणे पार पडला. गल्लीतल्या वाचकांना अतिथी वाचक म्हणून स्वतंत्र लॉगिन द्यावं. कंपनीला तसं कळवून दार उघडून घ्यावं. क्रांतीनं पासवर्ड बदलावा आणि शनिवारी प्रबंध जमा करावा.

"समन्वयक म्हणून कुणाचं नाव घालू?" प्रसेनजीत सरांनी विचारलं.

सगळ्यांनी विजयसिंह सरांकडं पाहिलं. सरांनी क्षणभर नको नको केलं आणि मग नावाची जोडाक्षरं नीट सांगितली.

बाहेर आल्यावर क्रांतीला रडूच फुटलं. तिनं पर्समधला अर्ज काढून त्याचे चार तुकडे केले. "आप्पा, उपक्रम त्यांच्या नावावर लागला बगा."

"लागू दे की. दार उघडलं न्हवं? कडी कुणी काढली ह्ये इचारत बसायला कुणाला वेळ हाय," आप्पा म्हणाले. "चल, दोन घास मिसळ खाऊ. सकाळपास्नं पोटात काय न्हाय."

ते जिन्यापर्यंत पोचले आणि मागून कुणीतरी हाक मारली, "ओ पावणं, जरा थांबा."

विजयसिंह सर होते. हातात लिफाफा होता. त्यांनी मागं वळून पाहिलं, निशिगंधा मॅडम किंवा प्रसेनजीत सर येत नाहीत ना याची खात्री केली, आणि समितीच्या खोलीत त्यांच्या जवळपासही नसलेल्या भाषेत म्हणाले, "दार उघडलं की ह्येच्यातनं आत कसं जायचं, ते जरा दाखवता का? प्रसेनजीतला इचारायचं म्हंजे बरं दिसत न्हाय. आमच्या मातोश्रींना अलीकडं माणसं वळकंना झाल्यात. डॉक्टर काय सांगतोय ते डोस्क्यात शिरत न्हाय. म्हटलं, वाचून तरी बघावं."

आप्पांनी जिन्याच्या पायरीवरची धूळ रुमालानं झटकली, सरांना बसायला जागा केली आणि स्वतः शेजारी बसले. "फोन काढा," ते म्हणाले. "लिफाफा द्या हिकडं. मी वाचतो, तुमी दाबत चला."

त्यांनी चष्मा लावला, कागद लांब धरला आणि रोज सकाळी विहारात वंदना म्हणतात त्याच आवाजात सरांचा पासवर्ड एकेक अक्षर करून वाचायला सुरुवात केली. विजयसिंह सर मान खाली घालून एका बोटानं तो भरत होते. "सावकास," ते म्हणत होते, "ह्ये परत एकदा सांगा." आप्पा परत एकदा, आणखी मोठ्यानं सांगत होते.

वरच्या कठड्याशी दोन मुली उभ्या होत्या. त्यांनी एकमेकींकडं पाहिलं आणि आपापले फोन बाहेर काढले. त्यांच्या मागं झाडू घेऊन जाणारा शिपाईही थांबला. आप्पांना थांबवायला क्रांतीनं तोंड उघडलं, आणि मग तसंच मिटून घेतलं.